छातीवरून छातीवर

बोगोता, ९ मार्च १९८७

प्रिय एस्नेदा,

पोहोचले एकदाची. एकवीस तासांच्या बसनं कंबर पार कामातून गेली. तुझ्या ग्वायतालहून आल्यावर मला बोगोताची हवा चक्क उबदार वाटतेय, यावरून काय ते समज. त्या गारठ्यात तू बावीस वर्षं नोकरी कशी केलीस गं? नर्सिंग कॉलेजच्या खोलीत तर माझं ब्लँकेट ओढून घ्यायचीस.

आधी निकाल सांगते. तुझ्या चौदाच्या चौदा नर्सा पास! सगळ्यात कमी मार्क वीसपैकी सोळा, आणि तुझ्या त्या अबोल आउरा चापुएलला वीसपैकी वीस. नववा प्रश्न आठवतो ना, ‘बाळाला आईच्या छातीपासून किती वेळ दूर ठेवता येईल?’ त्याचं उत्तर तिनं माझ्या स्लाइडपेक्षाही नेटकं लिहिलंय. ‘प्रशिक्षण कसं वाटलं’ या कागदावर तेरा जणींनी ‘उत्कृष्ट’ लिहिलंय. चौदावीनं लिहिलंय, ‘जेवण गार होतं.’ आमच्या विभागाच्या साहेबांना मी तेरा कागद दाखवले.

थट्टा सोड. तू विचारलं होतंस, एवढ्या ठिकाणी तेच तेच शिकवून कंटाळा नाही का येत? त्या दिवशी घाईत होते, आता सांगते. आठ वर्षांपूर्वी आमच्या इस्पितळात काचेच्या पेट्या कमी आणि अपुऱ्या दिवसांची मुलं जास्त, अशी दशा होती. एका पेटीत दोन दोन, कधी तीन मुलं. एका सकाळी व्हरांड्याच्या बाकावर एक बाई बसलेली दिसली. मला वाटलं, अंगानं जरा भरलेली आहे. मी जवळून जाताना तिनं गाऊनची कड बाजूला केली, आणि आत माझ्या तळहाताएवढा एक चेहरा होता. झोपलेला. एक हजार पन्नास ग्रॅम. ना पेटी, ना वायर, ना दिवा. एक माणूस दुसऱ्या माणसाला नुसतं आपल्या अंगाच्या उबेनं जगवत होतं. एस्नेदा, मी चर्चमध्ये कधी गुडघे टेकताना मनापासून टेकले नसतील, पण त्या बाकापुढं माझे आपोआप वाकले. मी बहाणा केला की बुटाची नाडी सुटलीय.

तर आता काम. सोबतचा तक्ता दर महिन्याला भरून पाठव. प्रत्येक बाळ दिवसातले किती तास छातीवर होतं, एवढंच. ऑक्टोबरात समिती बसणार आहे. ग्वायताल हे आमचं पहिलं लांबचं इस्पितळ. तिथं जमलं तर आणखी बारा ठिकाणी नर्सांना शिकवायला परवानगी मिळेल. नाही जमलं, तर डोंगरातल्या मुलांनी पेट्यांची वाट बघायची. तुझ्या दोन पेट्यांपैकी एक बंद पडून किती वर्षं झाली, ते तूच मोज.

तुझी,
नुबिया


ग्वायताल, २८ मार्च १९८७

नुबी,

तक्ता भरून पाठवत आहे. पाच बाळं. सगळं ठीक.

पोरींना तुझे धडे पाठ आहेत. भांडी घासताना एकमेकींना प्रश्न विचारतात. डोकं कुठं? एका बाजूला. पाय कसे? बेडकासारखे. कपडे काय? लंगोट आणि टोपी. तुझी ती कापडी बाहुली मात्र फाटली, रोज कुणी ना कुणी तिला बांधून बघतं.

आया लाजतात. वॉर्डात ये-जा असते, अंगावर पांघरलेली लोकरी रुआना बाजूला करायला नको म्हणतात. डॉक्टर ओबांदो राउंडला आले की म्हणतात, “सिस्टर, बायका आहेत या, अंड्यावर बसायला कोंबड्या नव्हेत.” मग पोरी हसतात. पण चालायचंच.

काळजी करू नकोस. बटाट्याची काढणी सुरू आहे, त्यामुळे पत्रं उशिरा निघतात.

एस्नेदा


बोगोता, २० एप्रिल १९८७

प्रिय एस्नेदा,

तुझा तक्ता साहेबांनी भिंतीवर लावला आहे! ‘रोज वीस तास, पाचही बाळं,’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतात. मी आपली शेजारी उभी, मान खाली घालून, नव्या नवरीसारखी.

एकच शंका. सगळ्या आठवड्यांत, सगळ्या बाळांना, बरोब्बर वीस? कुणाला एकोणीस नाही, एकवीस नाही? तुझा हिशोबीपणा माझ्या ओळखीचा आहे, म्हणून मी फार ताणत नाही. पण पुढच्या तक्त्यात जरा खालीवर आकडे असू देत. नाहीतर समितीला वाटेल आपण घरी बसून भरले.

ओबांदोंना माझा नमस्कार सांग, आणि सांग की त्यांचाही जन्म एका बाईच्याच पोटी झालाय.

तुझी,
नुबिया


बोगोता, १५ जून १९८७

एस्नेदा,

हे माझं तिसरं पत्र. दोन महिने झाले, तुझी एक ओळ नाही, एप्रिलचा तक्ता नाही, मेचा नाही. इस्पितळात फोन लावला, तर कुणीतरी म्हणालं सिस्टर कामात आहेत आणि ठेवून दिला. तू आजारी आहेस का? माझं काही चुकलं का? निदान शिवी तरी लिहून पाठव.

नुबिया


ग्वायताल, २ जुलै १९८७

नुबी,

आजारी नाही. तुझं काही चुकलं नाही. निदान तुझं एकटीचं नाही.

मार्चचा तक्ता खोटा होता. तो भिंतीवरून काढ.

मी तो पोरींना विचारून भरला होता. बाळ किती वेळ छातीवर असतं, असं विचारलं की त्या म्हणायच्या, वीस तास. कारण तू वीस सांगितलं होतंस. परीक्षेतलं उत्तर त्यांनी मला परत दिलं आणि मी ते चौकटीत लिहिलं. मेमध्ये मी दूध काढायच्या खोलीच्या दारामागं स्टूल टाकून दहा दिवस स्वतः घड्याळ लावून बसले. सरासरी सांगते, तीन तास दहा मिनिटं. उरलेला वेळ बाळं पाळण्यात, कपड्यांच्या गठ्ठ्यात, खिडकीखाली. आणि पोरी कामचुकार नाहीत हं. त्यांना बाळ आईकडून काढायचं नसतं. पण आईला जेवायला जायचं असतं, केस धुवायचे असतात, लघवीला जायचं असतं. त्या वेळी काय करायचं हे कुणाला माहीत नव्हतं. तुझ्या स्लाइडवरच्या बायका कधी लघवीला जात नाहीत.

मी मोजायला का बसले, ते आज लिहिता येत नाही.

पण त्यानंतर काय केलं ते सांगते. बाजारातून वाटाणे आणले आणि किलो किलोच्या चौदा पिशव्या शिवल्या. एकेक नर्सेला एकेक पिशवी छातीशी, कातडीला लावून, पट्ट्यानं बांधली आणि म्हटलं, उद्या या वेळेपर्यंत सोडायची नाही. ड्युटी करा, घरी जा, स्वयंपाक करा, नवऱ्याशी भांडा, झोपा. कुठंही खाली ठेवायची नाही. आमची जाडी क्लेमेन्सिया म्हणाली, “सिस्टर, नवरा विचारेल हे मधे काय आहे.” मी म्हटलं, “सांग, तुझी सवत आहे.” दुसऱ्या दिवशी आल्या त्या डोळे तांबारलेल्या, मानेला रग लागलेल्या. पण बोलत होत्या! एकीनं शोधून काढलं की टेकून, अर्धवट बसून झोपलं तरच पिशवी घसरत नाही. एकीनं सांगितलं, वाकून चूल फुंकायची नाही, गुडघ्यात बसायचं. क्लेमेन्सियाचा नवरा म्हणे आधी चिडला, मग जेवायच्या वेळी म्हणाला, “दे इकडं, तू खा,” आणि पिशवी स्वतःच्या रुआनाखाली बांधून बसला. ती हे सांगताना रडली. नुबी, तिच्या लग्नाला एकोणीस वर्षं झालीत.

तिथून मला कळलं की फक्त आई नव्हे, घरातलं कुणीही बांधू शकतं.

परीक्षाही बदलली. लेखी बंद. आता नर्स एका आईला शिकवते. ती आई दुसऱ्या, नव्या आईला शिकवते. नर्सेनं गप्प उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. नव्या आईला नीट जमलं, तर नर्स पास. नाही जमलं, तर नर्सेनं पुन्हा पिशवी बांधायची. आत्तापर्यंत सहा पास झाल्या. घड्याळ लावून मोजलं आहे, जूनमध्ये सतरा तास.

हा आकडा खरा आहे. हवा तर लाव भिंतीवर.

एस्नेदा


बोगोता, १९ जुलै १९८७

एस्नेदा,

तुझं पत्र वाचून आधी मी कप फोडला. मुद्दाम नव्हे, पण हळूही ठेवला नव्हता. मार्चचा तक्ता समितीच्या अहवालात छापून गेलाय. साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आपण चौदा नर्सांना परीक्षा द्यायला शिकवलं.” मला राग आला तो या वाक्याचा. खरं होतं ना ते.

मग राग उतरला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी एक किलो साखर छातीशी बांधली. तशीच कामावर निघाले. बसमध्ये एका मुलीनं उठून मला जागा दिली, एका बाईनं ‘कितवा महिना’ विचारलं. माझं वय बावन्न आहे हे त्या बाईला दिसत नव्हतं का? अकरा वाजता मानेत कळ आली आणि मी पिशवी सोडून टेबलावर ठेवली. सात तास. दोनशेवर नर्सांना मी सांगत आलेय की वीस तास हे काही अवघड नाही.

सप्टेंबरात मी येतेय. साहेबांनी बेचाळीस प्रश्नांचा मूल्यमापनाचा तक्ता दिलाय आणि बजावलंय की या वेळी प्रत्येक उत्तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं हवं. तू मोजायला का बसलीस ते तेव्हा समोर बसून सांग. लिहिता येत नसेल तर घाई नाही.

तुझी,
नुबिया


लास आनिमास, २३ सप्टेंबर १९८७

एस्नेदा,

मी तुझ्यापासून तीन तासांच्या वाटेवर आहे आणि तुझ्यापर्यंत पोहोचणार नाही. काल सकाळी घाटात दरड कोसळली, अर्धा डोंगर रस्त्यावर आलाय. दुरुस्तीला तीन आठवडे लागतील म्हणतात. बस उद्या इथूनच मागं फिरणार. हे पत्र गावातली एक बाई पायवाटेनं पलीकडं नेईल. माझे गुडघे त्या वाटेचे राहिलेले नाहीत.

आम्हा प्रवाशांना गावकऱ्यांनी घराघरांत वाटून घेतलं. मी आले आर्सेनियो इंगिलान नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी. वय सत्तरीच्या आसपास, दाढीचे खुंट पांढरे, तपकिरी रुआना गुडघ्यापर्यंत. आज सकाळी तो चुलीपाशी बसून बटाटे सोलत होता. एका हातानं. दुसरा हात रुआनाच्या आत. मला वाटलं हात अधू आहे. मी म्हटलं, “द्या आजोबा, मी सोलते.”

“हात शाबूत आहे, बाई,” तो म्हणाला. “पाहुणी आहे माझ्याकडे.”

आणि त्यानं गळ्यापाशी रुआना जरा खाली ओढली. लोकरी टोपी. टोपीखाली एक चेहरा, लिंबाएवढे गाल, एका बाजूला वळवलेला. म्हाताऱ्याच्या छातीच्या पांढऱ्या केसांत नाक खुपसून झोपलेली नात. दोन महिने आधी झालेली, आज एकोणिसावा दिवस. त्याच्या मुलीचा, म्हणजे बाळाच्या आईचा, ताप अजून पुरता उतरलेला नाही. ती आतल्या खोलीत पडून असते. दर दीड-दोन तासांनी दूध पाजते, आणि पुन्हा बाळ आजोबाकडं.

मी कोण ते सांगितलं नाही. का नाही, माहीत नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, “कधी बांधलंय का मूल?”

“थोडंफार,” मी म्हटलं.

“मग या. मला गाईकडं जायचंय, आणि शेजारीण अजून आली नाही.”

एस्नेदा, तुला आज एक सांगते जे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी जिवंत मूल कधी बांधलेलं नाही. आठ वर्षांत बाहुली बांधली, शेकडो वेळा, डोळे मिटून बांधीन. खऱ्या आईला खरं मूल बांधताना शेजारी उभी राहिले. पण माझ्या अंगावर, कधीच नाही. मी शिकवणारी होते ना.

म्हाताऱ्यानं मला आधी चुलीपाशी बसवलं. “छाती गार आहे तुमची. आधी ऊब येऊ द्या. गार छातीवर कुणी देत नाही.” हे माझ्या स्लाइडवर नाही. मग हात धुवायला लावले, नखं बघितली. बघितली अक्षरशः, चष्मा लावून! माझ्या समोर, छातीला छाती जवळ आणून उभा राहिला आणि म्हणाला, “छातीवरून छातीवर. मधे काही नाही. टेबल नाही, खाट नाही, पाळणा नाही, एका क्षणासाठी नाही. नीट ऐकलंत?” ऐकलं म्हटलं. “म्हणून दाखवा.” मी म्हणून दाखवलं. मग त्यानं बाळ सरकवलं. पाय बेडकासारखे. डोकं एका बाजूला, हनुवटी जरा वर. माझेच शब्द, एस्नेदा, त्याच क्रमानं, पण त्याच्या तोंडात ते शेणामातीचे, रोजचे झाले होते. मी पट्टा बांधला, तर म्हणाला, “शहरातल्यासारखा बांधलात. कानाखाली येऊ द्या कड, नाहीतर मान कलंडेल.”

तो दारापर्यंत गेला आणि परत आला. “मधेच श्वास घ्यायचं विसरते ती. घाबरू नका. तुम्ही मोठा श्वास घ्या, तिला आठवतं. नाहीच आठवलं तर तळपाय चोळा.” आणि गेला गाईकडं!

मी आणि ती. बाहेर कोंबड्या, धुकं. तिचं वजन जाणवतच नव्हतं, फक्त ऊब जाणवत होती, आणि एक फार जलद टकटक. तिची. मग ती टकटक थांबली नाही, पण पाठीची ती बारीक उठबस थांबली. मी मोजलं, एक, दोन, तीन, चार. मग मी श्वास घेतला, खोल, पोटापासून. माझी छाती वर गेली, तिच्यासकट. आणि तिनं घेतला. माझ्यामागोमाग. जणू मी सुरुवात केली आणि तिनं ओळ पुढं म्हटली.

तास दीड तास मी तशी बसले होते. माझ्या पिशवीत बेचाळीस प्रश्नांचा तक्ता होता. कुठलाही प्रश्न या बाईसाहेबांना लागू नव्हता.

म्हातारा आल्यावर मी विचारलं, कुणी शिकवलं? तो म्हणाला, “दूध गोळा करणाऱ्या गाडीवरची बाई. तिला कुणी ते तिला विचारा.” मग माझ्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाला, “जमलं की तुम्हाला. आणखी एकदा केलंत की दुसऱ्याला शिकवायला हरकत नाही.”

मी पास झाले, एस्नेदा. ग्वायतालच्या वॉर्डातून ही मुलगी घरी पाठवताना तुम्ही म्हाताऱ्याला काय, कसं शिकवलंत, ते मला सविस्तर लिही. समितीपुढं तेच ठेवणार आहे.

तुझी,
नुबिया


ग्वायताल, ४ ऑक्टोबर १९८७

नुबी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं, मग नोंदवही काढली. जानेवारीपासून आजपर्यंत लास आनिमासचं एकही मूल आमच्याकडं आलेलं नाही. इंगिलान आडनाव नाही. त्या म्हाताऱ्याला मी ओळखत नाही. आम्ही त्याला काहीही शिकवलेलं नाही.

मग मी माग काढला. रविवारी बाजारात दुधाच्या गाडीवरच्या बाईला गाठलं. तिला शिकवलं होतं वरच्या वस्तीतल्या एका सासूनं. त्या सासूला एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं. तिच्या घरी गेले, तर ती म्हणाली, “ओतिलियानं शिकवलं. सगळ्यांना तीच शिकवते. जिथं कुणाचे दिवस भरत आलेत तिथं जाते, बोलावलं नाही तरी.”

ओतिलिया पुएनायान. आता ते लिहायलाच हवं.

ती आमच्याकडं एप्रिलच्या शेवटी होती. मुलगा, तेराशे ग्रॅम, चांगला. नवव्या दिवशी दुपारी ती जेवायला आणि कपडे धुवायला गेली. आउरानं बाळ तिच्याकडून घेतलं, पाळण्यात ठेवलं, खिडकीखाली. तेवढ्यात बाळंतपणाच्या खोलीतून हाक आली आणि ती गेली. मी तिथंच होते, मीच हाक मारली होती. दीड तासानं परत आलो तर मूल गार होतं. आम्ही खूप प्रयत्न केले. संध्याकाळपर्यंत केले.

आउराला नवव्या प्रश्नाचं उत्तर येत होतं. तू मार्चमध्ये लिहिलंस तसं, सगळ्यात नेटकं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, “सिस्टर, मला माहीत होतं. माहीत होतं आणि हात वेगळंच करत होते.” मी तिला काढलं नाही. डॉक्टर ओबांदो काढा म्हणाले. मी म्हटलं, मग मलाही काढा, हाक माझी होती. नंतर वाटाण्याची पहिली पिशवी त्यांनीच बांधून बघितली, दार लावून. हे मला माहीत आहे असं त्यांना माहीत नाही.

ओतिलियाला आम्ही सगळं जसं घडलं तसं सांगितलं. ती ओरडली नाही. गेली. मला वाटलं ती आता इस्पितळाचं नाव घेणार नाही, घेतलं तर थुंकेल. मी तिच्या वस्तीवरून जायचं टाळत होते.

काल गेले. अंगणात बसली होती. मी सांगितलं, तुझी शिकवण तीन तासांच्या वाटेवर जाऊन पोहोचली, एक मुलगी जिवंत आहे. ती म्हणाली, “किती ग्रॅमची?” मी म्हटलं, माहीत नाही. “विचारून घ्या, सिस्टर. पट्टा किती घट्ट ते वजनावर असतं.”

मग मी विचारलं, हे ‘छातीवरून छातीवर, मधे काही नाही’ कुणी सांगितलं? नुबीच्या धड्यात नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, जसं काही मीच मुलखाची अडाणी. म्हणाली, “मधे काय असतं ते मी बघितलं ना.”

मी तिच्या अंगणातच बसले. तिनं मला गरम गुळाचं पाणी दिलं.

आता समितीला काय सांगायचं ते तू ठरव. माझी सही हवी असेल तर एप्रिलच्या त्या दुपारच्या नोंदीखालीही करीन.

एस्नेदा


बोगोता, १७ नोव्हेंबर १९८७

माझी एस्नेदा,

ते तू एकटीनं पाच महिने उरावर घेऊन बसली होतीस, आणि मी तुझ्याकडं एप्रिल-मेचे तक्ते मागत होते. त्यावर मी काय लिहू? पुढच्या वेळी भेटलो की तुझ्यापाशी नुसती बसेन.

समितीपुढं मी सगळं वाचलं. खोटा तक्ता, तीन तास दहा मिनिटं, सतरा तास, ती दुपार, तुझं नाव आणि माझं. मग म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. एका सभासदानं विचारलं, “पण याचं मोजमाप कसं करणार?” मी म्हटलं, “ज्याला आपण शिकवलं नाही, त्याला येतंय का ते बघायचं.” साहेब टेबलाकडं बघत हसले. बाराच्या बारा इस्पितळं मंजूर झाली, एका अटीवर. पहिला वर्ग ओतिलिया पुएनायाननं घ्यायचा. अट माझीच होती, त्यांना वाटलं त्यांची आहे.

तू तिला बसमध्ये बसवून दिलंस त्यानंतरचं ऐक. स्टँडवर मी तिला तिच्या लाल रुआनावरून ओळखलं. तेवीस-चोवीसचीच आहे गं ती! मला कुणी पोक्त, चार मुलांची अनुभवी बाई येणार असं वाटत होतं. बोगोताच्या गर्दीकडं तिनं एकदा बघितलं आणि विचारलं, “मुलं कुठं आहेत?”

वर्गात बावीस नर्सा, पाठीमागं दोन डॉक्टर, आणि सगळ्यात मागच्या बाकावर मी, वही घेऊन. साहेबांनी स्लाइडचं यंत्र लावून ठेवलं होतं. तिनं त्याचा उजेड डोळ्यांवर आला म्हणून ते बंद करायला लावलं. मग हात पुढं बांधून उभी राहिली. आवाज अगदी बारीक. म्हणाली, “माझं मूल राहिलं नाही. त्याच्याकडं दुर्लक्ष कुणी केलं नाही. सगळ्या चांगल्या होत्या, सगळ्यांना येत होतं. तुम्हालाही येत असेल. म्हणून मी तुम्हाला काही सांगणार नाही. वॉर्डात चला.”

आणि चालायला लागली. बावीस जणी तिच्यामागं, मग डॉक्टर, मग मी.

वॉर्डात त्या पहाटे झालेली एक मुलगी होती, बाराशे ग्रॅम. आई ऑपरेशन होऊन अजून उठलेली नव्हती. आजी वाटेत होती. डॉक्टरांनी तपासलं होतं, श्वास चांगला होता, पण बाळ दिव्याखाली ठेवूनही गार पडत होतं, पाय निळसर. ओतिलियानं विचारलं नाही. हात धुतले, कोपरापर्यंत. रुआना अंगात तशीच ठेवून ब्लाउजची बटणं सोडली आणि दोन्ही हात पुढं केले. स्टँडवरून येताना तिनं सांगितलेलं मला तेव्हा आठवलं. ती गावोगाव जाऊन इतरांना बांधायला शिकवत होती, पण एप्रिलपासून तिनं स्वतःच्या छातीवर एकही मूल घेतलेलं नव्हतं. तिनं मुलगी घेतली आणि स्वतःच बांधली. पट्ट्याची कड बरोबर कानाखाली आली.

मग ती भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटून घेतले. आम्ही सगळ्या उभ्या. कुणी वहीत काही लिहिलं नाही. पाऊण तास असावा. एका नर्सेनं हळूच रुआनाची कड उचलून बघितलं आणि माझ्याकडं वळून नुसते ओठ हलवले, “गुलाबी.” मी बघितले ते पाय. माझ्या अंगठ्याच्या पेराएवढे. आठ वर्षं मी हेच शिकवत आलेय, आणि माझ्या तोंडून ‘देवा’ एवढंच निघालं.

ओतिलियानं डोळे उघडले. तिच्या गालांवर पाणी होतं, पण आवाज वर्गातल्यापेक्षा मोठा होता.

“हिच्या आईला आणा,” ती म्हणाली. “उठता येत नसेल तर खाटेसकट आणा. मी तोवर जागा गरम करून ठेवलीय.”

तुझी,
नुबिया